लेकीच्या तारांचे २७ महिने आणि नागपूरच्या ३७ फेऱ्या

ज्या दिवशी लेकीच्या दातांच्या तारा निघाल्या त्याच दिवशी ठरवलं होतं की हे सगळं एकदा बसून लिहून काढायचं. कारण २०२२ मध्ये मी मोबाईलवर शोधत होते तेव्हा जे जे सापडलं ते सगळं मोठ्या शहरातलं, दवाखाना घराजवळ, संध्याकाळी क्लासवरून येता येता तार टाईट करून आले वगैरे. आम्ही राहतो यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा आणि करंजीच्या मधात, हायवेपासून चार किलोमीटर आत. घरी कापूस, तूर, थोडं सोयाबीन, आणि मी शिलाईकाम करते. आमच्यासारख्या ठिकाणाहून हे कसं जमतं, किती दिवस जातात, कुठे अडकायला होतं, ते कोणी सांगणारं नव्हतं.

तारा लागल्या २०२३ मध्ये पण गोष्ट सुरू होते २०१७ पासून. लेक तेव्हा ६ वर्षांची, वरच्या दोन्ही बाजूच्या दुधाच्या दाढा किडलेल्या, रात्र रात्र रडायची. तालुक्याला एका दवाखान्यात नेलं, त्यांनी दोन्ही दाढा काढून टाकल्या आणि म्हणाले, दुधाच्याच आहेत, पडणारच होत्या. आम्हालाही ते पटलं. दुखणं थांबलं, आम्ही विसरून गेलो. पाच वर्षांनी कळलं की दुधाची दाढ नुसती चावायला नसते, खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा ती धरून ठेवते. ती लवकर काढली तर मागची पक्की दाढ, जी सहाव्या-सातव्या वर्षी येते, ती हळूहळू पुढे सरकते आणि जागा खाऊन टाकते. वरचा सुळा येतो सगळ्यात शेवटी, अकराव्या-बाराव्या वर्षी, आणि तोवर त्याच्यासाठी जागाच उरलेली नसते. मग तो जातो कुठे, तर हिरडीत वर, बाहेरच्या अंगाला. आमच्या लेकीचं हेच झालं. त्या दिवशी कोणी म्हटलं असतं की दाढ काढली तर तिथे जागा धरायला एक छोटी रिंग बसवून घ्या, तर पुढचं बरंच वाचलं असतं, हे मला आजही लागतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली होती, वर्षातून एकदा येतात, सगळ्या पोरांची तपासणी करतात. लेक सहावीत. डॉक्टर मॅडमनी तिच्या हातात चिठ्ठी दिली, दात एकावर एक आहेत, दंतरोग तज्ज्ञांना दाखवा. घरी सासूबाईंनी चिठ्ठी बाजूला ठेवली, म्हणाल्या, "अवं, दातावर दात तं भाग्याच्या पोरीले येते, तुमी काऊन त्याच्यामांगं लागले?" पण तोवर लेक हसताना हात तोंडावर ठेवायला लागली होती. वर्गाचा ग्रुप फोटो आला त्यात सगळी पोरं हसतायत आणि ही एकटी ओठ घट्ट मिटून. तो फोटो पाहिला आणि मी ठरवलं.

सप्टेंबरमध्ये यवतमाळला एका खाजगी दवाखान्यात विचारलं, त्यांनी ४२ हजार सांगितले, निम्मे आधी. आमच्याकडे सप्टेंबरमध्ये हातात पैसा नसतो, कापूस निघायचा असतो. मग माझ्या एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं की नागपूरला डेंटल कॉलेज आहेत, तिथे कमी पैशात होतं, वेळ लागतो पण होतं. हे म्हणाले, "पैशाचं पाहू, तू जाय तं खरी." एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. दात सरळ करणारे डॉक्टर वेगळे असतात, त्यांनी बीडीएस ही दातांच्या डॉक्टरची पदवी घेतल्यावर तीन वर्षं त्याच विषयात, म्हणजे ऑर्थोमध्ये, एमडीएस केलेलं असतं. कुठेही गेलात तरी हे एक विचारा, तारा लावणारे डॉक्टर ऑर्थोचे एमडीएस आहेत का. विचारायला लाजू नका, चांगले डॉक्टर रागवत नाहीत.

पहिली फेरी नोव्हेंबर २०२२, कापसाची पहिली वेचणी झाल्यावर. पहाटे पाऊणेसहाला फाट्यावरून एसटी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत नऊ-सव्वानऊला गणेशपेठ स्टँड, तिथून ऑटो. कॉलेजात आधी केसपेपरची खिडकी, तिथेच तास गेला. मग तोंड तपासणीचा विभाग, तिथून एक्स-रे, आणि मग वरच्या मजल्यावर, दारावर पाटी होती दंतव्यंगोपचार विभाग, म्हणजे दात सरळ करायचा विभाग. त्या दिवशी फक्त नाव नोंदवलं आणि मोठा एक्स-रे झाला ज्यात सगळे दात एका पट्टीत दिसतात, त्याला ओपीजी म्हणतात. एक्स-रेमध्ये सवलत होती पण रेशन कार्ड ओरिजिनल हवं होतं, माझ्याकडे नुसती झेरॉक्स, त्यामुळे पूर्ण पैसे भरावे लागले. जाताना रेशन कार्ड, दोघांचं आधार आणि उत्पन्नाचा दाखला ओरिजिनल घेऊन जा आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच काढून न्या. दाखला सेतूमधून मिळायला आम्हाला १२ दिवस लागले.

डिसेंबरच्या फेरीत दातांची मापं घेतली. एका स्टीलच्या ट्रेमध्ये गुलाबी पिठासारखं काहीतरी भरतात आणि ते तोंडात दाबून धरतात, दोन-तीन मिनिटांत ते रबरासारखं होतं, मग त्यात प्लास्टर ओतून दातांचा नमुना बनवतात. खालचं माप नीट झालं. वरचं घेताना लेकीला उमासे यायला लागले, डोळ्यांतून पाणी, हात-पाय झाडायला लागली. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मॅडम, अगदी तरुण मुलगी, तिने ट्रे काढला नाही, शांतपणे म्हणाली, "बेटा, नाकाने श्वास घे, आणि उजवा पाय वर उचल, अजून वर, त्या बोटांकडे पाहत राहा, खाली ठेवायचा नाही." लेक त्या पायाकडे पाहत बसली आणि उमासे थांबले. मला हे इतकं लक्षात राहिलं की पुढच्या वेळी वेटिंगमध्ये एक बाप घाबरलेला होता, पोरगा माप घेऊ देईना, तर मी त्याला जाऊन सांगितलं.

मग वाट पाहणं. कॉलेजात शिकाऊ डॉक्टरांना केस वाटून दिलेली असते, त्यांच्यावर सर असतात, प्रत्येक गोष्ट सर पाहतात. केस लागेपर्यंत दीड महिना गेला. जानेवारी २०२३ मध्ये फोन आला, बोलावलं, सरांनी नमुने टेबलावर ठेवून समजावून सांगितलं. सगळे दात जबड्यात बसवायला जागा कमी आहे, वरती जास्त, खालती थोडी कमी, म्हणून चार दात काढावे लागतील, सुळ्याच्या मागची पहिली उपदाढ, दोन वर दोन खाली. आणि वेळ दोन ते अडीच वर्षं. खर्च १४ हजार, ब्रॅकेट (दातावर चिकटवायचा छोटा तुकडा, ज्यात तार अडकते) लावताना ५ हजार आणि बाकी तीन हप्त्यांत. मी एकच विचारलं की इतकी वर्षं कशाला. सरांनी सांगितलं की दात हाडात रोवलेला असतो, तारेने हलका जोर दिला की ज्या बाजूला दात सरकतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरतं, आणि हे महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतक्याच वेगाने होतं. काढलेल्या दाताची जागा सातएक मिलिमीटरची. जास्त जोर लावला तर दाताचं मूळ झिजतं. हे मला लगेच पटलं, मी रोज टेप घेऊन बसते, ओढून शिवलेली शिवण कधी सरळ बसत नाही. सरांनी अजून एक सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते, मूल सात वर्षांचं झालं की एकदा ऑर्थोच्या डॉक्टरांना दाखवून न्यावं, तारा लावायला नाही, नुसतं पाहायला.

चांगले दात काढायचे म्हटल्यावर घरी मोठं वादळ झालं. सासूबाई जेवल्या नाहीत. "वरचे दात उपटले का डोयाले कमी दिसते, माह्या भावाले तसंच झालतं." हे आमच्याकडे सगळेच म्हणतात, त्यामुळे मीही मनातून घाबरलेले होते. फेब्रुवारीत दात काढायला गेले तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, दाताची नस वेगळी, डोळ्याने ज्या नसेने दिसतं ती वेगळी, दात काढल्याने नजर जात नाही, वय झालं की दातही जातात आणि नजरही कमी होते म्हणून लोक दोन्हीचा संबंध लावतात. मी त्यांना म्हटलं हे माझ्या सासूबाईंना फोनवर सांगाल का, आणि त्यांनी खरंच सांगितलं, दोन मिनिटं. त्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी लेकीसाठी स्वतः मऊ खिचडी टाकली.

दात दोन वेळेला काढले, आधी उजवीकडचे दोन, आठवड्याने डावीकडचे दोन. चिठ्ठीवर १४, २४, ३४, ४४ असे नंबर असतात, ते वय नाही की किंमत नाही, दातांचे नंबर असतात. खुर्चीवर बसण्याआधी चिठ्ठीवरचे नंबर आणि केसपेपरवरचे नंबर एकदा जुळवून पाहा आणि डॉक्टरांना कोणता दात ते बोट लावून दाखवायला सांगा. इंजेक्शन दुखतं, नंतर दुखत नाही पण दाबल्यासारखं वाटतं आणि एक कडकड आवाज येतो, तो हाडाचा असतो असं वाटून लेक घाबरली. मुलांना तो आवाज येणार हे आधी सांगून ठेवलं तर बरं. कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायचा, त्या दिवशी गरम काही नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. आम्ही स्टँडवर आईस्क्रीम खाल्लं आणि दुपारची एसटी धरली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दाढांच्या फटीत बारीक निळे रबर घातले, ज्याने दाढेला रिंग बसायला जागा होते. दिसायला एवढेसे पण दोन दिवस लेकीला घास चावता येत नव्हता. आणि २१ मार्च २०२३, मंगळवार, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तारा लागल्या. १६ ब्रॅकेट आणि ४ दाढांना बँड, म्हणजे त्याच रिंगा. दात कोरडे करून त्यावर निळं जेल लावतात, धुतात, मग एकेक ब्रॅकेट चिकटवून निळा लाईट मारतात, दोन तास तोंड उघडं. इथे आमच्या भागाची एक गोष्ट निघाली. लेकीच्या दातांवर पिवळसर-तपकिरी डाग आहेत, आमच्या पांढरकवडा, झरी, मारेगाव पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त, गावात निम्म्या पोरांच्या दातांवर ते दिसतात. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलं की पाणी पिण्यालायक धरत नाहीत. आमची केस ज्यांच्याकडे होती त्या शिकाऊ डॉक्टर मॅडम म्हणाल्या की अशा दातांचा वरचा थर वेगळा असतो, ब्रॅकेट लवकर निघतो, म्हणून जेल जास्त वेळ ठेवते, तरी तुम्ही जपा. आणि हे डाग आता पाणी बदलून जाणार नाहीत, दात जबड्यात तयार होत असतात त्या वयातच ते पडतात. म्हणजे धाकट्यासाठी मात्र अजून उशीर झाला नव्हता. घरी येऊन पहिलं काम ते केलं, तेव्हापासून पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी गावच्या आरओवरून, ५ रुपयांत २० लिटर, रोज सकाळी कॅन भरून आणायची.

पाडव्याला घरी पुरणपोळी. लेक म्हणे, "आई, मले पाणीबी गिळवत नाई." मी पोळी दुधात कुस्करून, चमच्याने, चार महिन्यांच्या बाळाला भरवावं तसं भरवलं. सासूबाई शेजारी बसून पंख्याने वारा घालत होत्या, उन्हाळा अजून तापला नव्हता तरी. पहिले चार-पाच दिवस सगळे दात हलल्यासारखे वाटतात आणि ओठाच्या आतून सोलून निघतं. त्यासाठी पांढरं वॅक्स मिळतं, मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढी गोळी करून, दात पुसून, टोचणाऱ्या ब्रॅकेटवर दाबायची. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. वॅक्स आणि मधे खाच असलेला ब्रश आम्हाला पांढरकवड्यात कुठेच मिळाला नाही, कॉलेजसमोरच्या दुकानातून दोन-दोन घेऊन ठेवत जा, रात्री दहाला गावात तार टोचायला लागली की तेच कामी येतं. फटीतून घालायचा छोटा ब्रशही घ्या.

त्याच सुमारास एक चांगली गोष्ट झाली, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. लेक जानेवारीत १२ पूर्ण झाली म्हणून तिचं हाफ तिकीट गेलं होतं, ते परत अर्ध्यावर आलं. एका बाजूचं दोनशेच्या आसपास होतं ते शंभरावर आलं, दोघींना जाऊन-येऊन चारशे.

पुढे महिन्याला एक फेरी. तार बदलायची, रंगीत रबर बदलायचे, रंग लेक निवडायची, पोळ्याला हिरवा, पंधरा ऑगस्टला तिरंगी. आधी बारीक गोल तार, मऊ, मग जाड, मग चौकोनी. पहिल्या सहा महिन्यांतच सुळा इतका खाली आला की गावातल्या बायका शिलाई टाकायला आल्या की पोरीला हाक मारून दात पाहायच्या. बदल सगळ्यात जास्त सुरुवातीला दिसतो, हे लक्षात ठेवा, कारण नंतर वर्षभर काहीच होत नाहीये असं वाटतं आणि तेव्हाच लोक सोडून देतात. आमच्याच मार्गावरची एक बाई दहा महिन्यांनी यायची बंद झाली, पोराच्या तारा तशाच दातांवर.

खाण्याचं सांगते. आमच्याकडे हिवाळ्यात हुरडा, ऊस, बोरं, भाजलेल्या शेंगा, फुटाणे, आणि हे सगळंच बंद. ज्वारीची भाकर कडक असेल तर तीही नाही, वरणात मोडून चालते. पेरू, सफरचंद कापून. चिवड्यातला खोबऱ्याचा एक तुकडा आणि ब्रॅकेट गेला, संक्रांतीला तिळाची चिक्की आणि दुसरा गेला. एक तर नुसता दात घासताना निघाला. एकूण चार वेळा निघाले, दर वेळी दीडशे रुपये आणि एक जादा फेरी. निघालेला ब्रॅकेट फेकू नका, कागदाच्या पुडीत घालून घेऊन जा. आणि निघाल्याबरोबर फोन करा, पुढच्या तारखेपर्यंत थांबलात तर तो एक दात परत फिरतो.

सप्टेंबर २०२३ आमचा वाईट गेला. पोळा, मग शेतात फवारणी, मग हे आजारी, त्या महिन्याची तारीख चुकली. २५ ची नवीन तारीख घेतली तर २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात तो मोठा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरांत पाणी शिरलं, ती तारीखही गेली. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणी. असे अडीच महिने गेले, आणि त्या काळात लेकीच्या ब्रशकडे माझं लक्ष नव्हतं. नोव्हेंबरमध्ये गेलो तेव्हा मॅडमनी तोंड पाहिलं आणि हातातला चिमटा ठेवून दिला. हिरड्या सुजलेल्या, ब्रॅकेटच्या कडेने पांढरट डाग पडायला लागलेले. म्हणाल्या, "काकू, आज मी तार बदलणार नाही. हे डाग म्हणजे कीड लागायची सुरुवात आहे. दात सरळ होतील पण किडलेले होतील, त्याचा काय उपयोग?" फक्त सफाई केली आणि परत पाठवलं. तीन तास जाऊन रिकामं परत. लेक बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत होती, मी तिला काही बोलले नाही, बोलण्यासारखं तोंड माझंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोरीवर आरसा लावला, छातीएवढ्या उंचीवर, शिलाईच्या खोलीतलाच काढून. मोबाईलवर चार मिनिटं लावायची, ब्रॅकेटच्या वरून, खालून आणि मग फटीतला ब्रश. रात्री ती घासायची आणि मी टॉर्च लावून पाहायची. पहिले आठ दिवस कटकट, नंतर तिला स्वतःलाच चैन पडेना. डिसेंबरमध्ये मॅडमनी आरसा धरून लेकीला तिच्याच हिरड्या दाखवल्या, गुलाबी झालेल्या, आणि तार बदलली. ते पांढरे डाग दोन दातांवर अजून आहेत, हलके.

शाळेत पोरं तारवाली म्हणायची. एकदा सकाळी दप्तर टाकून बसली, "मले नाई जायचं शायेत." मी काही मोठं समजावलं नाही, तिच्या बाईंना जाऊन भेटले. बाईंनी विज्ञानाच्या तासाला दात शिकवताना तिलाच पुढे उभं करून विचारलं की तार कशी काम करते, सांग. तिने हाड विरघळतं ते सगळं सांगितलं. त्यानंतर मधल्या सुट्टीत पोरं तिच्या रबराचा रंग पाहायला यायची.

जून २०२४ मध्ये आमच्या मॅडमचं शिक्षण संपलं. कॉलेजात उपचार घेतले तर हे होणारच, दोन-अडीच वर्षांच्या कामात डॉक्टर बदलतात. लेकीला फार लागलं, तिने त्यांच्यासाठी मी शिवलेली कापडी पिशवी नेली होती. नवीन डॉक्टर आले, त्यांनी दोन ब्रॅकेट काढून परत थोडे तिरपे लावले, आम्हाला वाटलं सगळं पहिल्यापासून. तसं नसतं, शेवटचं बारीक बसवणं असतं ते. पण फाईल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना रजिस्टरमध्ये आमचा तिसरा हप्ता भरलेला दिसत नव्हता. माझ्याकडे सगळ्या पावत्या होत्या, ब्लाऊजच्या मापांच्या वहीला टाचणीने लावलेल्या, त्यामुळे दहा मिनिटांत मिटलं. पावत्या जपा, आणि मोबाईलमध्ये प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा, मशीनमधून निघणाऱ्या थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने उडतात. जुने डॉक्टर जायच्या आधी एक विचारून घ्या की किती काम झालं, काय उरलं, आणि ते केसपेपरवर लिहून मागा.

२०२४ चा हिवाळा नुसत्या फटी बंद होण्यात गेला. काढलेल्या दातांच्या जागा हळूहळू मिटत होत्या, मी महिन्याला एक फोटो काढायचे, त्याच खिडकीत, त्याच उजेडात, म्हणून तरी फरक कळायचा. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं वाढलं. फेब्रुवारीपासून वर-खाली अडकवायचे बारीक रबर दिले, ते लेकीने स्वतः रोज बदलायचे, फक्त जेवताना काढायचे. हे काम पूर्ण मुलाच्या हातात असतं, डॉक्टर काही करू शकत नाहीत. तिने ते नीट केलं, एक पाकीट दप्तरात, एक आजीच्या उशाशी.

१७ जून २०२५ ला तारा निघाल्या. पक्कडीने प्रत्येक ब्रॅकेट दाबून काढतात, कट असा आवाज येतो, दुखत नाही, मग चिकटलेला मसाला घासून काढतात त्याचाच वास आणि घरघर जास्त. शेवटचा ब्रॅकेट निघाल्यावर तिने आरसा मागितला नाही, आधी जीभ फिरवली. परत फिरवली. म्हणाली, "आई, दात कसे गुळगुळीत लागून राह्यले वं!" मला काही बोलता आलं नाही, मी तिची ओढणी नीट करत राहिले.

तारा निघाल्या म्हणजे झालं असं समजू नका. खालच्या दातांच्या मागून एक बारीक तार कायमची चिकटवली आहे, आणि वरती काढता-घालता येणारी प्लेट, तिला रिटेनर म्हणतात. सहा महिने दिवसरात्र, फक्त जेवताना काढायची, मग रोज रात्री. नाही घातली तर दात परत जुन्या जागेकडे सरकतात. प्लेट साध्या पाण्याने धुवायची, गरम पाण्यात वाकडी होते. जेवताना काढून रुमालात किंवा कागदात ठेवायची नाही, कॉलेजात ऐकलं त्यात सगळ्यात जास्त प्लेटा कागदासोबत फेकल्या जातात. आम्ही लाल डबी घेतली, लांबून दिसते.

आता खर्चाचं, सगळा वहीतून काढलाय. उपचार १४ हजार, एक्स-रे ९००, दात काढणं ४००, निघालेले ब्रॅकेट ६००, रिटेनर १,५००, असे १७,४००. वॅक्स, ब्रश वेगळे. आणि ३७ फेऱ्यांचं एसटी, ऑटो, चहा-नाश्ता मिळून साडेएकवीस हजारांच्या जवळपास. म्हणजे येण्या-जाण्याला उपचारापेक्षा जास्त लागले, आणि ३७ दिवस माझी मशीन बंद होती ते वेगळंच. यवतमाळच्या ४२ हजारांशी तुलना केली तर बचत फार नाही. पण ते पैसे आम्हाला एकदम भरणं शक्य नव्हतं, हे थोडे थोडे गेले, लग्नसराईत ब्लाऊज जास्त शिवले की हप्ता निघायचा. ज्यांना जवळ चांगले एमडीएस डॉक्टर आहेत आणि हप्त्यांत पैसे घेतात त्यांनी आधी तिथे हिशोब करावा, नागपूरच स्वस्त असं डोळे मिटून धरू नये.

दिवाळीनंतर धाकट्याला घेऊन गेले होते, तो आता ८ वर्षांचा. त्याच्या खालच्या दुधाच्या दाढेला कीड लागली होती, रात्री दुखत होती, अगदी तसंच. या वेळी मी आधीच म्हटलं की काढायची नाही, वाचवता येते का पाहा. वाचवता आली, दुधाच्या दाढेचंही रूट कॅनल होतं, वरून स्टीलची टोपी बसवली, दोन फेऱ्यांत काम झालं. पक्की उपदाढ येईल तेव्हा ती टोपीसकट आपोआप पडेल. माप घ्यायची वेळ आली नव्हती तरी खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने पाय वर उचलून धरला होता, बहिणीने शिकवून पाठवलेलं.

पुढची तारीख दोघांची एकाच दिवशी लावून घेतली आहे.